खिडकीतलं वाक्य

३ फेब्रुवारी, मंगळवार

मोठमोठी साम्राज्यं क्षुल्लक गोष्टींवरून कोसळली आहेत. म्हणून पुढच्या संशोधकांच्या सोयीसाठी नोंदवून ठेवतो: आज सकाळी सहा चाळीसला माझ्या टेबलावरच्या दिव्याचा प्लग उपटलेला आढळला. त्या जागी सासूबाईंच्या फोनचा चार्जर. या घरात प्लग लावायच्या सतरा जागा आहेत, मी मोजल्या. पण शहात्तर वर्षांच्या निवृत्त भूगोलाच्या बाईंना नेमकी तीच हवी होती, जिच्यावर घरातलं साहित्य चालतं.

"आई, एवढं बोलता तरी कुणाशी? फोन रोज मरतो तुमचा."

"ज्यांना ऐकायला वेळ असतो त्यांच्याशी," त्या म्हणाल्या आणि बोक्याला उकडलेल्या अंड्याचा बलक भरवत बसल्या. माझ्या वाटणीचं अंडं. बोक्याला त्या 'साहेब' म्हणतात. मला 'जावईबापू' म्हणतात. कुणाला जास्त आदरानं, ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

दिवा नाही, म्हणून लिहिणं नाही. दुपारी दिवा मिळाला, तरीही लिहिणं नाही. पण तो भाग वेगळा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रविवारचं सदर उद्या द्यायचंय आणि डोकं पुसलेल्या फळ्यासारखं. अकरा वर्षं हे सदर लिहितोय. झाडं, पाखरं, मांजर, टीव्हीवरची गाणी, लेखकाच्या घरातल्या गमती. वाचकांना वाटतं, काय हळवा माणूस आहे! मला झाडं आवडत नाहीत, ती हलत नाहीत. पाखरं आवडत नाहीत, ती थांबत नाहीत. बोक्याबद्दल लिहायला लागलो तर मानहानीचा दावा होईल.

सासूबाईंनी गॅलरीत बावीस कुंड्या करून ठेवल्यात. दुपारी तीन ते चार त्या तिथे बसून झाडांशी बोलतात. बोलल्यानं झाडं वाढतात म्हणे. फोन तोंडासमोर पावाच्या तुकड्यासारखा आडवा धरतात आणि बोलत सुटतात. मध्येच हसतात. झाडांनी काय विनोद केला असेल, देव जाणे. वय होतं माणसाचं.

आज मी चहाचा कप घेऊन गॅलरीत गेलो, तर त्या एकदम गप्प झाल्या. मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "हे एवढं वाकडं का वाढलंय?"

"तुमच्यासारखंच आहे ते," सा. म्हणाल्या. "जो पाणी घालतो त्याच्याकडे पाठ करून वाढतं."

टोमणा आहे. टिपून ठेवला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सदर पाठवलं. कुंडीतल्या झाडावर. शेवट जमत नव्हता, आणि अचानक एक वाक्य हाताशी आलं: काही झाडं आपल्या माणसांसारखी असतात, पाणी घालणाऱ्याकडे पाठ करून वाढतात. कुठून सुचतं कोण जाणे. सृजन सृजन म्हणतात ते हेच असावं. लोक त्यासाठी डोंगरात जाऊन राहतात. मला टेबलाशी बसून होतं.

८ फेब्रुवारी, रविवार

झाडाच्या वाक्यावर लोक फिदा. दहा-बारा निरोप आले. एका निवृत्त न्यायाधीशांनी कळवलं की त्यांना स्वतःचा मुलगा आठवला.

पुरवणीचा संपादकही बोलला. वय एकतीस, मिशी गेल्याच आठवड्यातली. म्हणाला, "सर, एंडिंग क्लास! पण एप्रिलपासून पानं कमी होताहेत, तर सदरांचा फेरविचार चाललाय. तुमचं राहील बहुतेक."

बहुतेक! मी लिहायला लागलो तेव्हा हा दुधाच्या बाटलीचं बूच चावत होता.

सासूबाईंनी सदर वाचलं. दर रविवारी वाचतात. चष्मा काढून पेपराची घडी घातली आणि बोक्याला म्हणाल्या, "साहेब, झाडाचं छान लिहिलंय हो यांनी." मला बरं वाटलं. चांगल्याला चांगलं म्हणणं त्यांना आवरलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

भर रागात लिहितोय, अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

साडेसातला सासूबाई मालिका लावतात. आवाज एवढा, की खालच्या मजल्यावरच्यांना टीव्ही घ्यायची गरज नाही. मी कधी बघत नाही. एक आजी, तिची सून, सुनेचा भाऊ, सगळे एकमेकांकडे तीन-तीन वेळा वळून बघतात. तो सुनेचा भाऊ लेखक दाखवलाय. तिरसट, पोट सुटलेला, घरातल्या मांजराशी भांडणारा. 'लेखकमामा' म्हणतात त्याला. लोकांना भारी आवडतो म्हणे. असल्या माणसात काय आवडण्यासारखं असतं?

तर आज मी पाणी प्यायला बाहेर आलो, आणि पडद्यावरची आजी त्या लेखकमामाला म्हणाली: "तू खिडकीतून बघतोस तेव्हा ते लेखन, आणि मी बघते तेव्हा ते म्हातारपण, होय रे?"

माझं वाक्य! तीन वर्षांपूर्वीच्या लेखातलं. ज्याला लेखक संघटनेचं पदक मिळालं, ज्याच्याबद्दल 'वृद्धांविषयीची अपार करुणा' असं छापून आलं, ते! तळपायाची आग मस्तकात गेली.

मी ओरडलो, "चोरी! ही चोरी आहे! माझं वाक्य आहे हे!"

सासूबाईंनी आवाज आणखी वाढवला. बायको नुकतीच कामावरून आली होती. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते, लोकांच्या तोंडाचं माप तिला चांगलं कळतं. ती बूट काढता काढता म्हणाली, "हळू. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत! अख्ख्या जगानं ऐकलंय आत्ता!"

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काल रात्रभर बसून जुने भाग बघितले, फोनवर. सुनेच्या भावाचे सगळे. चौदा वाक्यं सापडली, एकूण एक माझ्या सदरात येऊन गेलेली. मांजराचं, "घरात दोघं जण न विचारता जेवायला येतात आणि नावं ठेवून जातात, त्यातला एक निदान स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो", हे. गाण्याच्या स्पर्धेचं, "हल्ली रडण्याची स्पर्धा असते, बक्षीस मात्र गाण्याचं देतात", हे. सगळी त्या आजीच्या तोंडी घातलीत. कारागिरी बघा! पुरुषाचं वाक्य बाईला दिलं की ओळखू येत नाही असं वाटलं असणार.

सकाळी संघटनेच्या कार्यालयात गेलो. चिटणीस लाकडी खुर्चीत उशी घालून बसतात, उशीला अभ्रा नाही. त्यांनी नियम वाचून दाखवला. चोरी सिद्ध झाली तर संवाद लिहिणाऱ्याचं सभासदत्व रद्द. सभासदत्व नाही, तर कुठलीही वाहिनी काम देत नाही.

"म्हणजे कायमचं?"

"दोन वर्षं. पण या धंद्यात दोन वर्षं म्हणजे कायमचंच हो."

मी तक्रारीवर सही केली. फार दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना सगळं सविस्तर सांगितलं. दोघी ऐकत होत्या. सासूबाईंचा हात ताटातच राहिला.

"मग तिचं काम जाईल?"

"जाईलच. जायलाच पाहिजे."

"तिला लहान मूल आहे," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. भात अर्धा टाकून. बोक्यानं संपवला.

संवाद लिहिणारी बाई आहे हे यांना कसं कळलं? मूलसुद्धा माहीत! शेवटी नावांची पाटी पळते ती वाचत असतील, आणि बाकीचं कुठल्यातरी मुलाखतीत. या वयात लोकांना नटनट्यांची चुलत भावंडंसुद्धा पाठ असतात.

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही. तुझा जबडा बघत होते. एका कवळीचं काम आलंय, अगदी असाच जबडा आहे."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाई बोलत नाहीत. माझ्याशी नाहीत, आणि आश्चर्य म्हणजे झाडांशीही नाहीत. दुपारी तीनला गॅलरीत जातात, फोन मांडीवर उलटा ठेवून बसतात, चारला आत येतात. चार्जरसुद्धा आठवड्यात दिसला नाही. माझा दिवा चोवीस तास मोकळा.

आणि मी त्या दिव्याखाली बसून काय करतोय? काहीही नाही. कालपासून तीन परिच्छेद लिहिले. एक कबुतरावर, एक उन्हावर, एक मांजरावर. तिन्ही वाचून मला कबुतराची, उन्हाची आणि मांजराची दया आली.

जेवताना मुद्दाम विषय काढला. "आई, ही नवी गाण्याची स्पर्धा बघता का तुम्ही?"

"बघते."

"कशी आहे?"

"आहे."

बस. पूर्वी एवढ्यावर त्यांनी तीन जणांचा निकाल लावला असता. राग एखाद्यावर काढावा, पण वाक्यांवर कशाला?

२२ फेब्रुवारी, रविवार

सदर छापलं नाही. संपादक म्हणाला, "सर, या वेळी नेहमीची मजा नाही, पुढच्या वेळी बघू." त्या जागी गाद्यांची जाहिरात होती. तीन वाचकांनी मला फोन केला. दोघांना गादीबद्दल विचारायचं होतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

संघटनेचं पत्र आलं. सोमवारी, दोन मार्चला सुनावणी. समोरच्या बाईनं कळवलंय की ही वाक्यं आपल्याला 'एका व्यक्तीनं सांगितली' आणि ती व्यक्ती कोण, हे ती सांगणार नाही. वा! उद्या चोरही म्हणेल, दागिने एका व्यक्तीनं दिले.

समितीला माझी मूळ टिपणं हवीत, तारखेसकट. मी मोठ्यानं हसलो. बाई, कुणाशी गाठ पडलीय! मी गेली बावीस वर्षं रोजनिशी ठेवतो. जे कानावर पडेल, जे सुचेल, ते त्याच दिवशी तारीख घालून. वह्या कपाटात ओळीनं उभ्या आहेत. यापेक्षा मोठा पुरावा कुठल्या लेखकाकडे असेल?

२५ फेब्रुवारी, बुधवार

वह्या काढल्या. सकाळी दहाला बसलो, साडेपाचला उठलो.

तीन वर्षांपूर्वीच्या वहीत, पदकाच्या लेखाच्या नऊ दिवस आधी, माझ्याच अक्षरात: "सा. चिडल्या आज. मी म्हटलं, दिवसभर खिडकीत काय बसता. तर म्हणाल्या, तुम्ही खिडकीतून बघता तेव्हा ते लेखन, मी बघते तेव्हा म्हातारपण. बरं आहे. वापरावं."

मांजराचं. "सा. म्हणाल्या." गाण्याच्या स्पर्धेचं. "सा." त्याच्या पुढचं. "सा., भाजी निवडताना."

चौदापैकी बारा 'सा.' एक बायकोचं. एक माझं स्वतःचं, ते मी आज पुन्हा वाचलं. मालिकेवाल्या बाईनं ते का घेतलं असेल, कळत नाही. त्यात काही नाही.

मग ही वही मागे उलटली. पाच फेब्रुवारी. सहा फेब्रुवारी. मध्ये एक रात्र आहे फक्त.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

खोटं लिहायचं नाही असं ठरवून ही वही सुरू केली होती, म्हणून लिहितो.

कपाटात तीन वर्षांपूर्वीची एक कोरी वही होती, कुठल्याशा औषध कंपनीनं भेट दिलेली, पानापानावर तारखा छापलेल्या. आज दुपारी ती काढली आणि त्या वर्षीच्या नोंदी तिच्यात उतरवायला घेतल्या. 'सा. म्हणाल्या' एवढं सोडून. शाईही जुनी शोधली. चार नोंदी झाल्या. वाईट वाटत होतं असं म्हणवत नाही. अक्षर सारखं येतंय ना, याचीच काळजी होती.

बायको लवकर घरी आली. नखांत प्लास्टर तसंच. टेबलाशी उभी राहून तिनं एक वही वाचली, मग दुसरी वाचली.

"छान," ती म्हणाली. "माप बरोबर घेतलंस. दात फक्त दुसऱ्याचे."

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"की वाक्यं तुझ्या आईची आहेत."

"अरे, मी त्या टेबलाशीच बसलेली असते जेवायला. मला कान नाहीत?"

"मग ती मालिकेवाली बाई..."

"आईची विद्यार्थिनी. सातवीत नापास झाली होती, आईनं घरी बसवून शिकवलं होतं. दुपारी आई तिला फोनवर बोलून निरोप पाठवते, तासभर. ती ऐकते, हसते, त्यातलं घेते. आईला विचारून घेते. सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. दूधवाल्याला माहीत आहे."

"आणि मला कुणी सांगितलं नाही!"

"तुला कसं सांगायचं? तू कुणाचं ऐकत नाहीस. तू टिपून घेतोस."

मी म्हटलं, हे जरा जास्त होतंय. ती हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

आत्ता हे लिहिताना लक्षात आलं: तिचंही टिपून घेतलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन वाजता गॅलरीत गेलो. त्यांनी पाय आवरून घेतले, बसायला सांगितलं नाही. मी एक पालथी कुंडी ओढून तिच्यावर बसलो. माझ्या वजनाला ती कुरकुरली.

"आई, माझ्या सदरात तुमची वाक्यं यायची, ती तुम्हाला कळायची?"

"भूगोल शिकवला म्हणून वाचता येत नाही असं नाही."

"मग बोलला का नाहीत कधी? अकरा वर्षं!"

"आधी गंमत वाटायची. म्हटलं, चला, आपलं बोलणं निदान वाया जात नाही. कुणीतरी लिहून ठेवतंय. रविवारी उठले की आधी तेच शोधायची, या आठवड्यात काय घेतलं." त्यांनी चष्मा पुसला. "मग खिडकीचं आलं. त्याचं पदक मिळालं तुम्हाला. त्या समारंभाला मी पहिल्या रांगेत होते, आठवतंय? तुमच्याकडून सगळं ऐकून घेतलं. म्हातारी माणसं किती एकटी असतात, ते तुम्ही छान समजावून सांगितलंत सगळ्यांना. घरी येताना गाडीत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत."

मी म्हटलं, "ती बाई तरी काय करते? तीही घेतेच की. तिथं तरी कुठं तुमचं नाव येतं?"

"नाही येत."

"मग फरक काय?"

"ती आजीच्या तोंडी घालते," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतःच्या."

बोका माझ्या पायाशी आला, वास घेतला, आणि निघून गेला. मी त्याच्याकडे बघत बसलो, कारण दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

"सोमवारी काय करणार आहात?" त्यांनी विचारलं.

"ठरवलं नाही."

"तिला सांगू का मी, की माझं नाव सांगून टाक म्हणून? ती सांगत नाही. म्हणते, बाई, तुमच्या घरात भांडण लागेल." त्या हसल्या, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. "मी म्हटलं, अगं, भांडायला आधी समोरचा माणूस दिसावा लागतो."

मी उठलो. बावीस वर्षं चांगली वाक्यं ऐकून घेतली आणि स्वतःचं एक सापडेना.

१ मार्च, रविवार

पुरवणीत पुन्हा गाद्या.

दिवसभर हिशेब चाललाय डोक्यात. तक्रार नुसती मागे घेतली तर कुणाला काही कळणार नाही. बाईचं काम वाचेल, माझं पदक राहील, सदर बहुतेक राहील. तक्रार लावून धरली तर वह्या दाखवाव्या लागतील. चार नोंदींची नवी वही आहे. तिच्यातली शाई खरंच चांगली जुळलीय.

संध्याकाळी ती नवी वही फाडली. सहज फाटली नाही, औषधवाल्यांनी बांधणी चांगली केली होती. बायको बघत होती. तिनं केराची बादली पायानं पुढे सरकवली.

मग मी तिला विचारलं, "आईचं पूर्ण नाव काय?"

"म्हणजे?"

"कागदोपत्री असतं ते. माहेरचं नाही, आत्ताचं. पूर्ण."

"बावीस वर्षं एका घरात राहतोस तू."

"म्हणून तर विचारतोय."

तिनं सांगितलं. मी हातावर लिहून घेतलं, वहीत नाही.

२ मार्च, सोमवार

साडेअकराला संघटनेत पोचलो. समोरची बाई बाकावर बसली होती. तिशीतली, हडकुळी, पिशवीत मुलाची पाण्याची बाटली. मला बघून उभी राहिली, जशी शाळेत मुलं उभी राहतात. सासूबाईंनी लावलेली सवय दिसतेय. मी मान हलवली. कशासाठी हलवली ते तिला कळलं नसणार.

चिटणीसांना म्हटलं, तक्रार मागे घ्यायचीय. त्यांचा चेहरा उजळला, सुनावणी म्हणजे चार जणांचा चहा असतो. त्यांनी एक छापील अर्ज काढला, तीन प्रतींत. खाली चौकोन: माघारीचं कारण.

"'आपसात मिटलं' लिहा," चिटणीस म्हणाले. "सगळे तेच लिहितात."

मी लिहायला लागलो. ते वाकून वाचत होते. अर्ध्यात त्यांनी माझा हात धरला.

"अहो, हे काय करताय? खिडकीच्या वाक्याला आपण पदक दिलंय. ही प्रत दप्तरी राहते. उद्या कुणी काढून बघितली तर?"

"बघू देत."

"पेपरवाल्यांना कळलं तर सदर जाईल तुमचं."

"त्या जागी गाद्या छान दिसतात."

"विचार करा. पाच मिनिटं बाहेर जाऊन या."

मी म्हटलं, बाहेर गेलो तर परत येणार नाही, मला मी ओळखतो. तुम्ही हात सोडा.

त्यांनी सोडला. चौकोन लहान होता, अक्षर बारीक काढावं लागलं. लिहिलं की तक्रारीतल्या चौदा वाक्यांपैकी तेरा माझी नाहीत, पदकाचं वाक्य धरून; एक बायकोचं. बाकीची बारा ज्यांची आहेत त्यांचं नाव हातावरून बघून उतरवलं, पूर्ण, कागदोपत्री असतं तसं. घामानं त्यातलं एक अक्षर पुसट झालं होतं, पण तोवर पाठ झालं होतं. मग दुसरी प्रत. मग तिसरी. तिसऱ्या प्रतीला हाताकडे बघावं लागलं नाही.

चिटणीसांनी शिक्का शोधला, शाई लावली, तिन्हींवर मारला. मी पोच घेतली.